थोडं डावीकडे

तुर्कूत नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच अंधार पडतो.
माझं दुकान तळघरात, पाच पायऱ्या उतरून.
तिथे सतरा उभे दिवे भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.

अठरावा हिल्का सारमाने आणला,
नातवाच्या लाल स्लेजवर आडवा बांधून.
शेड तिने वेगळी काढून काखेत धरली होती,
दवाखान्यात नेताना आजाऱ्याची टोपी धरावी तशी.

"उचलून तर बघ," म्हणाली,
"बिडाचा पाय आहे.
आमची मांजर धडकली तर मांजरच पडते."

उचलला. कंबरेतून कळ गेली.
हल्लीचे दिवे दार लावलं तरी डोलतात;
हा मात्र चार बिऱ्हाडं बदलून,
दोन मालक पुरून
ताठ उभा राहिलेला.
पितळ हाताच्या उंचीवर तेवढं लखलखीत,
वरखाली काळं.
म्हणजे सत्तर वर्षं
लोक त्याला एकाच ठिकाणी धरून
खुर्चीमागे फिरवत आले होते.

मी तो उलटा केला.
कापडी वायर बोटांत भुगा होऊन आली.
आत सॉकेटपाशी एक गाठ होती, दुहेरी, घट्ट,
वायर कुणाच्या पायात अडकली
तर ताण गाठीने सोसावा, स्क्रूने नाही,
म्हणून कुणीतरी मारलेली.
त्याचं नाव कुठेच नाही.
नव्या वायरला मी तशीच गाठ मारली.
दिवा पुरा लावला की ती कुणाला दिसत नाही.

"छताला दिवा नाही का तुमच्या?" मी विचारलं.
"आहे की," हिल्का म्हणाली,
"पण तो फौजदारासारखा बघतो,
सगळ्यांकडे एकदम.
आर्मासच्या डोळ्यांत मधोमध धुकं आहे,
कडा तेवढ्या शाबूत.
त्याला उजेड लागतो खांद्यामागून,
हातावर पडणारा, आणि गप्प बसणारा."

आर्मास गळाच्या माश्या बांधतो.
पिसं, रेशीम, तांब्याची तार,
नखाएवढ्या आकड्यावर.
नदीवर जाणं केव्हाच थांबलंय.
माश्या बांधणं थांबलेलं नाही.

पायाच्या तळाला जाड लोकर होती,
आणि एका कडेला चिकटलेली
चार घड्यांची कागदी चकती.
ट्रामचं तिकीट.
ती ट्राम मी लहानपणी शेवटची पाहिली.
मी ते खरवडून टाकलं,
पाय कानशीने घासला,
पाणसळ ठेवून बघितला:
बुडबुडा बरोबर मधे.
त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

आठवड्याने हिल्का परत आली, हात हलवत.
"दिवा कलतोय."
"शक्यच नाही," मी म्हणालो.
"दिवा सरळच आहे रे," ती म्हणाली,
"आमची जमीन तिरकी आहे.
कागद कुठाय?"

मग मी कचऱ्याच्या पिंपात
कोपरापर्यंत हात घातला.
लाखेचे तुकडे, कॉफीचा चोथा,
दोन फुटके बल्ब,
आणि तळाशी, ओलसर,
अजून चार घड्यांतच.

तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर.
फळ्यांची जमीन खिडकीकडे उतरलेली,
हातातला बोल्ट सुटला तर थेट रेडिएटरखाली.
आर्मास खुर्चीत. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
म्हणजे माझ्या कानाशेजारी पाहिलं,
तिथून त्याला मी दिसतो.

मी गुडघ्यावर बसून तिकीट सरकवलं.
हिल्काने साखळी ओढली.
कातडी शेडमधून उजेड उतरला, चहाच्या रंगाचा,
त्याच्या मनगटांवर येऊन थांबला.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
पण इथे अंधार मागे होता,
खोलीभर, उभा,
आणि उजेडाचं काम फक्त दोन हातांपुरतं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही.
लाल पिसाचा एक धागा
त्याने चिमटीत धरला, फिरवला,
डोळ्याच्या कडेने न्याहाळला.

"थोडं डावीकडे," म्हणाला.

मी पितळ धरलं,
जिथे ते आधीच लखलखीत होतं.